गजाची चार बोटं

मक्याच्या कणसांत दूध भरलं आणि रानडुकरं टेकडीवरून खाली उतरली. या दोन गोष्टी कधी मागंपुढं होत नाहीत. देव दोघांना एकाच दिवशी सांगावा धाडतो की काय, असं आबा दरवर्षी म्हणायचे.

पहिल्या दिवशी ओढ्याकडच्या दोन ओळी गेल्या, दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांची सून टोपली घेऊन रानात गेली आणि बांधावरच थांबली. डुकरांनी पोट भरून खाल्लं असतं तरी तिनं मन समजावलं असतं. पण डुक्कर खातं थोडं आणि नासतं फार. ताट मोडायचं, कणसाचा एक घास घ्यायचा, टाकायचा, की लगेच पुढच्या ताटाला धडक. लोळून लोळून रान असं चोपडं केलं होतं की जणू कुणी अंथरूण घातलंय. वासही सगळीकडं तोच, ओल्या केसांचा आणि चिखलाचा. तिनं पदर खोचला आणि मोडकी कणसं गोळा करायला लागली. जनावरांच्या तरी तोंडी लागतील.

वाकली की गळ्यातला टेप पुढं लोंबायचा, तो ती मागं टाकायची. रानात असो की चुलीपुढं, तो टेप गळ्यात असायचाच. ओसरीवर शिवणयंत्र होतं आणि अर्ध्या गावाचे कपडे तिच्या हातून जायचे. म्हणून गावानं तिचं नाव टेपवाली ठेवलं होतं. नवऱ्याचं नाव ठेवलं होतं घाई. तो चालत कधी जायचाच नाही, पळतच जायचा. घास गिळायच्या आत ताटावरून उठायचा, आणि हाती आलेल्या कुठल्याही वस्तूला दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला जुंपायचा. विळ्यानं खिळा ठोकेल, पान्यानं नारळ फोडेल. गेल्याच आठवड्यात खुराड्याची खिट्टी हरवली, तर संध्याकाळच्या आत कुठूनशी नवी आणून बसवली. गुळगुळीत लाकूड, टोकाला पितळ.

"बघ, कशी शोभते! तुझ्या कोंबड्यांना राजवाड्याचं दार!" तो म्हणाला होता.

तीही हसली होती. कौतुकच केलं होतं तिनं त्याचं.

घरात बंदूक होती. एकनळी, ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे भरून वर चिंधीचा बोळा ठासायचा, मागं तांब्याची टोपी चढवायची, तेव्हा कुठं एक बार निघायचा. परवाना आबांच्या नावे, पिकाच्या राखणीसाठी. गावात अशा सात बंदुका होत्या, पण आबांची सगळ्यांत जुनी, आणि आबांच्या रिवाजाचं नाव तिच्याहूनही मोठं. रानातून आले की ते ओसरीच्या पायरीवर बसायचे. दारू ठासायचा लाकडी गज नळीच्या तोंडातून आत सोडायचे. बंदूक रिकामी असली की गज तळाला टेकतो आणि त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर सपाट येतं. भरलेली असली की गज चार बोटं वर राहतो. आबा टोकावरून अंगठा फिरवायचे आणि घराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "खाली!"

आतून सासूबाई, हातात पीठ असो की पोटात दुखत असो, ओरडायच्या, "ऐकलं!"

त्यांचं "ऐकलं" आल्याशिवाय बंदूक खुंटीला लागायची नाही. एकदा त्या रुसून बसल्या होत्या, तर आबा पाऊण तास पायरीवर बसून राहिले, बंदूक मांडीवर घेऊन. शेवटी आतून आवाज आला, "ऐकलं हो, ऐकलं! पण तुमच्याशी बोलत नाहीये मी!" ही गोष्ट गावात अजून सांगतात. चाळीस वर्षं चालत आलेला रिवाज, आणि चाळीस वर्षांत एकही चूक नाही.

तर त्या वर्षी नवा हुकूम आला. दूर कुठल्या तरी गावात बांधाच्या भांडणात एकानं राखणीच्या बंदुकीनं शेजारी मारला होता. त्यापायी सगळ्याच परवान्यांची फेरतपासणी निघाली. ज्याच्या नावे परवाना आहे त्यानं बंदुकीसकट स्वतः हजर व्हायचं, गावानं काय म्हणायचं ते म्हणायचं, मग साहेब ठरवणार, बंदुका ठेवायच्या की जमा करायच्या.

त्या हुकमाची सुनावणी आधी टेपवालीच्या ओसरीवरच सुरू झाली. नर्सबाई डगल्याचं माप द्यायला आल्या होत्या. तेवढ्यात शेजारचा तोफखाना सदऱ्याचं काज करून घ्यायला आला. त्याचं हळू बोलणंसुद्धा ओढ्यापलीकडं ऐकू जायचं, म्हणून हे नाव.

"बंदुका घेतात म्हणे! मग डुकरांना काय हात जोडून सांगायचं, बाबांनो, आज उपास करा?" त्यानं बसायच्या आतच सुरू केलं.

"हात वर करा," टेपवाली नर्सबाईंना म्हणाली.

नर्सबाईंनी हात वर केले आणि तसंच बोलल्या, "पाच वर्षांत छर्रे लागलेले चार जण आले माझ्याकडं. त्यांत डुक्कर एकही नव्हतं."

"अहो, ते ज्याच्या त्याच्या बावळटपणानं!"

"बावळटपणावर औषध नाही सरकारकडं. बंदूक मात्र काढून घेता येते."

"आणि माझा मका? तो काय तुमच्या दवाखान्यात भरती करू?"

"छातीत श्वास घ्या," टेपवाली म्हणाली. "सोडा. चौतीस." तिला दोघांचंही पटत होतं आणि तिचा तिलाच राग येत होता. सकाळी मोडलेली कणसं तिनंच उचलली होती. आणि गुराख्याच्या पायातून छर्रे काढले, तेव्हा दिवा धरून उभी होती तीही तीच.

आबा पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "बंदूक वाईट नाही, चांगलीही नाही. ती ऐकत नसते. म्हणून माणसानं एकमेकांचं ऐकायचं." मग म्हणाले, "मी तर पोराच्या नावे करून टाकणार आहे परवाना. झालं माझं."

आत घाई पाणी पीत होता, तो तांब्या हातात धरून तसाच थांबला. तोंडावर हसू मावेना.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते घडलं.

त्या हंगामात माळा, म्हणजे राखणीचं मचाण, आत्ताच उभा राहिला होता आणि बंदूक अजून खुंटीवरून उतरलीच नव्हती. आबांना दोन दिवस ताप होता, म्हणून माळ्यावर घाई बसला. पहाटेला त्यानं बंदूक भरून ठेवली, टोपी तेवढी डुकरं आली की चढवायची. डुकरं आली नाहीत. उजाडता उजाडता शेजारच्या रानात तोफखान्याचा बार झाला आणि त्याच वेळी पंपाची वीज आली. ताप उतरलेले आबा रानात पोचले, तर घाई माळ्यावरून उडी टाकून पंपाकडं पळत सुटलेला. बाप-लेकांत एक शब्द झाला नाही. आबांनी बार ऐकला होता, त्यांना वाटलं तो पोरानंच काढला. पण वाटण्यावर चालणारे ते नव्हते. माळ्यावरची बंदूक घेऊन घरी आले, पायरीवर बसले. गज आत सोडला. अंगठा फिरवला. सपाट.

"खाली!"

"ऐकलं!"

रिकाम्या बंदुकीवर एक टोपी फोडून मागची बारीक वाट मोकळी करायची, हाही रोजचाच भाग. नळी नेहमी अंगणाच्या कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगाकडं असायची. टेपवाली त्याच वेळी ढिगामागून आली. पाण्याची तांब्याची घागर तिनं डोक्यावरून उतरवून ढिगावर ठेवली, कारण पायात काटा रुतला होता. तो काढायला ती खाली बसली.

बार झाला.

कोंबड्या छपरावर गेल्या. टेपवालीला आधी आवाज कळलाच नाही, एवढंच दिसलं की घागर गडगडून बाजूला लवंडलीय आणि तिच्या अंगातून पाण्याच्या सहा-सात धारा सुटल्यात. उभी असती, तर त्या धारा तिच्या पोटातून सुटल्या असत्या. काटा अजून तिच्या चिमटीतच होता.

सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या, तिच्या अंगावरून, तोंडावरून हात फिरवत राहिल्या. पिठानं ती पांढरी झाली, पण कुठं लाल नाही झाली. "आहे गं माझी बाय, आहे, आहे," एवढंच त्या म्हणत होत्या, देवाला सांगावं तसं.

आबा पायरीवरून उठलेच नाहीत. दुपारी घाई आला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "भरलेली होती?"

घाईचा चेहरा असा उतरला की टेपवालीला वाटलं, आता हा खाली कोसळतो. तो म्हणाला, "होती. पण तुम्ही गज घालून बघता ना नेहमी?"

"बघितला. सपाट लागला."

"मग…" म्हणत घाई परसाकडं वळला.

आबांनी आपला उजवा अंगठा डोळ्यांपुढं धरला. "म्हणजे हा गेला," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आबा म्हातारे झाले. त्याआधी वय नुसतं झालं होतं. आता ताटातलं मीठ त्यांना सापडेना, सदऱ्याचं बटण लावताना ते अंगठ्याकडं बघत बसायचे. सासूबाईंनी भाकर पुढं केली की "गरम आहे का गं?" म्हणून विचारायचे, हात लावून बघायचे नाहीत. बंदुकीकडं तर पाठच करून बसायचे. एकदा कडी लावायला उठले आणि सासूबाईंना म्हणाले, "तू लाव. माझ्या हाताचा भरवसा नाही." सासूबाई आत गेल्या आणि चुलीत फुंकर घालत राहिल्या, चूल चांगली पेटलेली असताना.

घाई मात्र घरात टिकायचा नाही. आधी जितका पळायचा त्याच्या दुप्पट.

सुनावणी मंगळवारी होती. सोमवारी दुपारी बंदूक पुसून ठेवायला हवी म्हणून टेपवालीनंच ती खुंटीवरून काढली. पुसली. मग मनात काही नसताना, घरच्या वळणानं, गज आत सोडला.

गज आत गेला, आणि गेलाच. टोक तोंडाशी थांबलं नाही, चार बोटं खाली बुडालं.

नळीत बोट घालून तिनं टोक चाचपलं. बंदूक तर रिकामी, तिच्यासमोर उडाली होती. रिकामी असली की गज सपाट, हे या घरात लग्न होऊन आल्यापासून ती रोज बघत होती. तिनं नळी उपडी करून गज बाहेर काढला. अंगठ्याकडचं टोक तेच, हातानं झिजून काचेसारखं झालेलं. आतलं टोक मात्र कानशीनं घासलेलं, कोरं. त्या टोकाला पितळेचं टोपण असायचं. ते नव्हतं.

पितळ.

ती उठली, परसात गेली आणि खुराड्यापुढं उभी राहिली. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याच हातानं सरकत होती ती खिट्टी. ती काढून तिनं गजाच्या घासल्या टोकाशी धरली. लाकडाच्या रेषा एकीतून दुसरीत अशा गेल्या, जशा कापडाच्या दोन तुकड्यांवर एकाच वेलीच्या पाकळ्या जुळाव्यात. गळ्यातला टेप लावला. चार बोटं, कमी नाही, जास्त नाही. गज चार बोटं आखूड झाला, की भरलेली बंदूकही सपाटच लागणार. आबांचा अंगठा खरंच बोलला होता. खोटा होता तो गज.

खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि कोंबड्या तिच्या पायांतून बाहेर पळाल्या. तिला हसू येईना, रडूही येईना.

घाई पंपाशी होता. ती बांधावरून चालत गेली आणि खिट्टी त्याच्यापुढं धरली.

त्यानं बघितलं आणि मटकन पाटाच्या कडेला बसला. पाय पाण्यात गेले तरी काढले नाहीत.

"पंपाचा पट्टा चढत नव्हता," तो म्हणाला. "घरातून पळताना गजच हाताशी आला होता. लावला जोर, मोडला. म्हटलं नवा करून आणू. मग वीज आली, मग आबांना ताप, मग…"

"मग खिट्टी केलीत."

"टाकून द्यायचं जिवावर आलं, पितळ होतं ना."

"भरताना कळलं नाही तुम्हाला? आखूड गज हातात आला तेव्हा?"

"कळलं." तो पाण्याकडं बघत बोलला. "मला माहीत होतं ना, मी भरणार, मीच उडवणार, मग काय! पंपाकडं पळताना ध्यानात राहिलं नाही की आबा गजानं बघतील. आबा म्हणाले सपाट लागला, आणि त्याच क्षणी ध्यानात आलं सगळं. रोज सांगायचं म्हणतो. तोंड उघडतो आणि दुसरंच काही बोलतो."

"आबा जेवत नाहीत."

"दिसतं मला."

"मीठ सापडत नाही त्यांना, कडीला हात लावत नाहीत."

"दिसतं गं!" तो ओरडला आणि लगेच आवाज खाली आला. "उद्या परवाना माझ्या नावे व्हायचाय. हे कळलं तर कोण देईल? गाव काय म्हणेल? बापाची बंदूक खुराड्याला लावणारा! जन्मभर चिकटेल नाव. सुनावणी होऊ दे, मग घरात सांगतो. देवाची आण."

"देवाला मध्ये घालू नका, त्याचं काम तो करून गेला. काटा त्यानंच घातला होता पायात." तिनं खिट्टी टेपमध्ये गुंडाळून मुठीत घेतली. "उद्या सगळ्यांसमोर आबा म्हणणार की माझा अंगठा गेला. ते त्यांनी म्हणायच्या आत तुम्ही बोला. नाहीतर मी बोलेन. पण तुम्ही बोललात तर मी तुमची बायको राहीन तशीच. मी बोलले, तर तेवढी नाही राहणार."

ती वळली. मागून त्याचं "अगं ऐक" आलं, पण ती थांबली नाही. कोंबड्या गोळा करायच्या होत्या.

मंगळवारी शाळेच्या खोलीत सुनावणी भरली. पोरांच्या बाकांवर बाप्ये बसलेले, गुडघे हनुवटीला लागलेले. पुढच्या टेबलावर सात बंदुका ओळीनं, प्रत्येकीच्या घोड्याला चिठ्ठी बांधलेली. साहेब म्हणून एक बाई आल्या होत्या. त्यांना सर्दी इतकी होती की हुकूम वाचताना तीनदा शिंकल्या, आणि गावाला त्या जरा आपल्यातल्या वाटल्या.

तोफखान्यानं सुरुवात केली. खिडक्यांची तावदानं थरथरली. "बाईसाहेब, डुक्कर कायदा वाचत नाही. आमच्या बंदुका नेल्यात तर पुढच्या वर्षी इथं मका नाही, गवत उगवेल. आणि बंदूक काय आज आलीय? आमच्या बापजाद्यांना हाताळायची माहिती आहे. ज्यानं खून केला त्याला फासावर द्या, आम्हाला का?"

लोकांनी माना डोलावल्या. मग नर्सबाई उठल्या आणि त्यांनी चौघांच्या जखमा सांगितल्या, नावं न घेता. कुणाचा गुडघा, कुणाचा डोळा. मागच्या बाकावरचा गुराखी पाय आखडून बसला. लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. साहेबबाई नाक पुसत म्हणाल्या, "तुम्ही दोघांनाही हो म्हणताय. मी काय लिहू?"

माना तिथंच थांबल्या. त्यांनी यादीतलं पहिलं नाव पुकारलं.

आबा उभे राहिले. टेबलापर्यंतची सात पावलं त्यांना संपेनात. बंदुकीवर हात न ठेवता ते म्हणाले, "बाई, माझी जमा करून घ्या. चाळीस वर्षं मी लोकांना शिकवलं, गज घाला, अंगठा फिरवा. गेल्या बुधवारी माझ्या अंगठ्यानं…"

टेपवालीची मूठ आवळली. पितळ तळव्यात रुतलं. ती बाकावरून अर्धी उठली.

"आबा, थांबा."

घाई उभा राहिला होता. आणि त्या दिवशी गावानं त्याला पहिल्यांदा चालताना पाहिलं. एकेक पाऊल टाकत तो बायकोपाशी आला, हात पुढं केला. तिनं मूठ उघडून खिट्टी त्याच्या हातावर ठेवली. तो पुढं गेला, बंदुकीखालचा गज ओढून काढला आणि दोन्ही तुकडे आबांच्या पुढ्यात जुळवून धरले.

"गज मी मोडला. पंपाला लावला होता. उरलेल्याची खुराड्याला खिट्टी केली." कुणीतरी खुसकन हसलं, तो थांबला, मग पुढं बोलला. "बंदूकही मीच भरून ठेवली होती. तुमचा अंगठा बरोबर होता आबा. सहा दिवस मला माहीत होतं. तुम्ही जेवत नव्हता तेव्हाही माहीत होतं."

आबांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. सांध्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. सगळ्यांना वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण ते आधी सासूबाईंकडं वळले आणि म्हणाले, "ऐकलंस का गं? हा शाबूत आहे!"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मग आबा पोराकडं वळले. "गाढवा," ते म्हणाले. आणि मग, "इतक्या माणसांत बोललास." एवढं बोलून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून साहेबबाईंना म्हणाले, "पण बाई, माझी चूक फिटत नाही. गज खोटा होता, मान्य. घागर ढिगावर होती, ती मला दिसली नाही. सून ढिगामागून आली, तीही दिसली नाही. डोळ्यांत मोतीबिंदूचे पडदे आलेत. अंगठा निर्दोष सुटला म्हणून डोळ्यांनी सुटू नये."

"तरी मी म्हणत होतो, चूक गजाची!" तोफखाना गरजला. "आमचे गज धड आहेत! बघा, आत्ता घालून दाखवतो!"

तो पुढं झाला, आपल्या बंदुकीच्या नळीत त्यानं दिमाखात गज सोडला आणि गावाकडं तोंड करून ओरडला, "खाली!"

कुणीच "ऐकलं" म्हटलं नाही. सगळे गजाकडं बघत होते. गज नळीच्या तोंडावर चार बोटं उभा होता.

शाळेच्या खोलीत, टेबलावर, साहेबबाईंच्या पोटाच्या रोखानं ती बंदूक सकाळपासून पडली होती. बाई हळूच उठून बाजूला सरकल्या. चिठ्ठ्या बांधणाऱ्या शिपायाची बोबडी वळली. त्यानं दारात नुसतं विचारलं होतं, "रिकामी आहे ना?" आणि तोफखाना म्हणाला होता, "म्हणजे काय!"

"टोपी नाही चढवलेली," तोफखाना म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो बोलू शकतो हे गावाला ठाऊकच नव्हतं. "पहाटे डुक्कर गेलं निघून… मग राहिलं." तो बाकावर जाऊन बसला.

नर्सबाई बोलल्या असत्या तर त्यांचा हक्कच होता. पण उठून त्यांनी तोफखान्याला पाणी नेऊन दिलं.

साहेबबाईंनी दोन तास लिहिलं. बंदुका जमा झाल्या नाहीत आणि घरीही गेल्या नाहीत. गावाच्या कचेरीत लोखंडी कपाट, त्याला दोन कुलुपं, एक किल्ली कचेरीत आणि दुसरी नर्सबाईंकडं. पिकाच्या दिवसांत संध्याकाळी न्यायची, सकाळी आणून द्यायची. देताना-घेताना एकानं गज घालून "खाली" म्हणायचं आणि दुसऱ्यानं स्वतः अंगठा फिरवून मगच "ऐकलं" म्हणायचं. ज्याला बंदूक धरायची त्यानं डोळ्यांची आणि हाताची परीक्षा द्यायची. तीन हंगाम बघू, मग पुन्हा बसू. नर्सबाईंनी आपला विरोध कागदावर लिहून घ्यायला लावला आणि किल्लीही घेतली.

"तुमच्या घरातून कोण देणार परीक्षा?" बाईंनी आबांना विचारलं.

घाईनं मान खाली घातली. "मी नको," तो म्हणाला. "मी घाई करतो."

आबांनी टेपवालीकडं बोट केलं. "ही देईल. ही मोजते."

"अगं बाई!" टेपवाली म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

नवा गज सुताराकडून आला. तो नळीत घालून, काढून, तिनं इतक्या वेळा मोजला की सुतार म्हणाला, "बाई, हा सदरा नाही." परीक्षेच्या दिवशी घाई तिला सायकलवर घेऊन गेला, हळू, दोन्ही ब्रेक दाबत. बाहेर तो तासभर उभा राहिला, बसला नाही. ती पास झाली.

मका निम्म्याहून जास्त वाचला. डुकरं आली तेव्हा तिनं हवेत दोन बार काढले. बाकीचं काम बडवलेल्या डब्यांनी आणि तोफखान्याच्या गळ्यानं केलं. त्याचा आवाज परत आला होता आणि आता तो रानातच वापरायचा. घागरीला कल्हईवाल्यानं हात लावला नाही. म्हणून सासूबाईंनी ती वाफ्यावर दोरीनं टांगली. पाणी ओतलं की सात धारांनी रोपांवर पडायचं. "एवढी गोड झारी बाजारात मिळायची नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि घाईकडं बघायच्या. तो निमूटपणे पाणी ओतायचा.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी टेपवाली रानातून आली. कचेरी उघडायला अजून वेळ होता, म्हणून पायरीवर बसली. ऊन अंगणात उतरत होतं. तिनं गज आत सोडला. तो तळाला टेकला, टोक नळीच्या तोंडाशी सपाट. अंगठा फिरवून तिनं हाक दिली, "खाली!"

आतून उत्तर आलं नाही. डोळ्यांचे पडदे काढून दोनच दिवस झालेले आबा हिरवी पट्टी सावरत, भिंतीला धरत बाहेर आले. सुनेशेजारी बसले. हात पुढं करून नळीचं तोंड चाचपलं आणि आपला अंगठा गजाच्या टोकावरून सावकाश फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"ऐकलं," आबा म्हणाले.